कुंडीतलं संकटग्रस्त

गेल्या वर्षी गौरीविसर्जनानंतरच्या रविवारी पेण आणि रोह्याच्या मधल्या एका टेकडीच्या उतारावरून कंदीलफुलाची सगळी रोपं कंदासकट खणून नेण्यात आली. नेणारी माणसं पेणमधल्या एका निसर्गमंडळाची होती. मी त्या मंडळाचा सभासद आहे. एक रोप पेणच्याच रामवाडीत माझ्या घरी आलं.

कंदीलफूल ही पावसाळी वेल. जमिनीत छोटा कंद, वर गवताच्या आधाराने चढणारी नाजूक दांडी, आणि भाद्रपदात उभ्या कंदिलासारखं फूल. पाऊस सरला की वरचं सगळं वाळून जातं. त्या उतारावरची जात रोह्याच्या एका प्राध्यापिकेने ओळखली होती. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्याच उतारावरून मुरूम काढण्याचा प्रस्ताव होता आणि त्यांनी त्याला लेखी हरकत घेतली होती. हरकतीचा आधार ही वेल होती. फुलोऱ्यात सरकारी पाहणी होणार होती, आणि त्या दिवशी वेल जागेवर दिसणं आवश्यक होतं.

हे सगळं त्यांनी श्रावणात आमच्या मंडळात येऊन सांगितलं. दुर्मीळ वनस्पतींच्या श्रेण्या फळ्यावर लिहून समजावल्या. असुरक्षित, मग संकटग्रस्त, मग अतिसंकटग्रस्त. त्याखाली ‘वन्य अवस्थेत नामशेष’, म्हणजे फक्त बागेत किंवा कुंडीत उरलेली. ही वेल संकटग्रस्त.

आमच्या मंडळात बहुतेक शिक्षक, काही बँकेतून निवृत्त झालेले. मंडळाची एक पद्धत होती: दुर्मीळ रोप घरी ‘दत्तक’ घ्यायचं आणि कुंडीवर ऑइलपेंटने नाव व श्रेणी लिहायची. एकमेकांकडे चहाला गेलं की आधी कुंड्या पाहायच्या.

“तुमच्याकडे काय, नुसतंच असुरक्षित?” एका बाईंनी मला एकदा विचारलं होतं. “आमच्याकडे बघा, थेट संकटग्रस्त!”

सगळे हसले होते. मीही.

व्याख्यानानंतर आमचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, म्हणाले, “पाहणी येईल तेव्हा येईल. त्याआधी जेसीबी आला तर? आपण रोपं आणू. जिवंत तरी राहतील.” कुणी विरोध केला नाही. मी बातमीदारीत आयुष्य काढलं आहे. दुसऱ्या बाजूला फोन केल्याशिवाय मजकूर छपाईला सोडायचा नाही, हे मी नव्या मुलांना शिकवत असे. प्राध्यापिकेचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन केला नाही. मला ते रोप हवं होतं.

रविवारी आम्ही खुरपी आणि ओल्या गोणपाटाच्या पिशव्या घेऊन गेलो. उताराखाली वरीच्या शेतात एक म्हातारी निंदत होती. तिने आमच्यातल्या एका बाईंना हाक मारली.

“काय गो, भाजी नेतेस काय?”

“भाजी नाय आजी, दुर्मीळ आहे. वाचवायला नेतोय.”

“हितं काय मारत व्हतं तिला?” म्हातारी म्हणाली आणि पुन्हा वाकून निंदायला लागली.

आमच्यातला एकजण म्हणाला, “आजी, कंपनीवाले येणारेत डोंगर खणायला.”

“मंग तुमी आधीच खणताव व्हय!”

यावरही आम्ही हसलो.

पाहणी त्याच आठवड्यात झाली. स्थानिक म्हणून प्राध्यापिकेने मला बोलावलं होतं. त्या रोह्याजवळच्या धाटाववरून स्कूटरने आल्या. एक सरकारी अधिकारी होते आणि मुरुमाच्या ठेकेदाराचा माणूस होता. प्राध्यापिका गवत बाजूला करत वर गेल्या, खाली आल्या, पुन्हा वर गेल्या.

“मॅडम, फूल शोधताय का कानातलं पडलंय?” ठेकेदाराचा माणूस म्हणाला.

 त्या एका खड्ड्यापाशी बसल्या, बोटांनी माती चाचपली, दुसऱ्या खड्ड्यापाशी गेल्या. मग मला म्हणाल्या, “सर, साळिंदर आलेलं दिसतंय. कंद खातं ते. सगळे नेले हो याने.”

अधिकारी वही उघडून उभे होते. मी गप्प राहिलो असतो तर दोष साळिंदरावर गेला असता. 

मग म्हणालो, “साळिंदर नाही. आम्ही नेली. मंडळाने.”

त्यांनी वर पाहिलं. “कशासाठी?”

“वाचवायला.”

“तुमच्याकडे आहे?”

“आहे. गॅलरीत.”

त्या अधिकाऱ्यांकडे वळल्या. “साहेब, रोपं पेणला आहेत. हे स्वतः सांगतायत. आत्ता जाऊन दाखवते.”

“मॅडम, कुंडीतलं मला चालत नाय,” अधिकारी म्हणाले. “जागेवर हाय का, तेवढं सांगा.”

ठेकेदाराचा माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, “काका, चहा घेणार का?”

उतरताना प्राध्यापिका माझ्या पुढे चालत होत्या.  पायथ्याशी स्कूटरला किल्ली लावताना एवढंच म्हणाल्या, “पाणी जास्त घालू नका. कुजतात.”

मी हा निरोप सगळ्यांना दिला. पाऊस संपल्यावर वेली वाळल्या. हे होणारच होतं, पण लोकांना वाटलं रोप सुकतंय, आणि ते रोज पाणी घालत राहिले. दिवाळीच्या सुमाराला अध्यक्षांनी घरोघरच्या कुंड्या गोळा केल्या. माती उकरली तेव्हा बहुतेक कंद बोटाने दाबले तर फुटत होते. माझाही. पाणी जास्त घालू नका हे ज्याला प्रत्यक्ष सांगितलं होतं, तो मी होतो. सकाळी पेपर वाचताना हातात तांब्या असायचा.

जे घट्ट राहिले होते ते ओल्या वाळूत घालून अध्यक्ष आणि मी रोह्याला नेऊन दिले. प्राध्यापिकेने ते दारातच घेतले. अध्यक्ष माफी मागायला लागले तेव्हा म्हणाल्या, “सर, मला तासाला जायचंय.”

पाहणीच्या अहवालात ‘सदर वनस्पती जागेवर आढळून आली नाही’ अशी नोंद झाली. हरकत निकाली निघाली. दिवाळीनंतर मुरूम काढायला सुरुवात झाली आणि मार्चअखेर तो उतार वरच्या पायवाटेपर्यंत खणून झाला होता.