बायनाबाई पाचनंतर बाहेर बसणार

बायनाबाईच्या जिभेला हाड नाही, हे बोरटोल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बावीस वर्षं तिनं जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवली, आणि त्या बावीस वर्षांत एकही मुख्याध्यापक तिच्याकडून टोपणनाव घेतल्याशिवाय बदलून गेला नाही. एक 'कच्ची डाळ', एक 'पातळ वरण'. शेवटचे गुणवंतराव गुरुजी गावातलेच, म्हणून त्यांना जरा मानानं 'जास्तीचं मीठ' म्हटलं. गुरुजींना कळलं तेव्हा ते स्वतःच हसले, कारण बाई खोटं बोलली नव्हती.

अशा बाईच्या पदरात नशिबानं टाकला तो सोमाजी, गावचा कोतवाल. माणूस सरळ, पण इतका सरळ की त्याच्याशी भांडायलाही मजा येत नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी दवंडीचा भोंगा त्यानं कोणाच्या हाती दिला नाही. पोंभुर्ण्याच्या या अंगाला जंगल गावाच्या उंबऱ्यापर्यंत आलंय, आणि जंगलासोबत वाघही आलाय. म्हणून रोज पाच वाजता सोमाजी भोंगा घेऊन निघतो. "ऐका हो ऐका! वाघ फिरून राह्यला. ढोरं बांधा, पोरं घरात घ्या, दरवाजे लावा!" उन्हाळा असो, हिवाळा असो, पाच म्हणजे पाच. फेरी झाली की घरी येतो, कडी लावतो आणि माणसं मोजतो. मुलगी नंदिनी जर्मनीत नर्स आहे, म्हणजे घरात दोनच माणसं. तरी मोजतो.

"दोन," तो म्हणतो.

"एखांद्या दिवशी तीन निघाले त मले सांगजा," बायनाबाई म्हणते.

तर यंदा माघात नंदिनीचा फोन आला. आई-बाबांनी मे महिन्यात तिच्याकडे यायचं, आणि तिथून तिघांनी मिळून चार दिवस ग्रीस देशातल्या एका बेटावर फिरायला जायचं. पासपोर्ट तिनं मागच्या वर्षीच भांडून करून घेतले होते. आता तिनं बेटाचे फोटो पाठवले. डोंगराच्या कड्यावर घरं, सगळी पांढरी, कुठं कुठं निळा घुमट. दिवाळीच्या आधी चुना मारावा आणि निळीची पुडी वरून सांडावी, तसलं ते गाव.

फोटोंसोबत एक व्हिडिओ होता. शेकडो माणसं भिंतींवर, पायऱ्यांवर, जागा मिळेल तिथं बसलेली. सगळ्यांची तोंडं समुद्राकडं. सूर्य हळूहळू पाण्यात उतरला, बुडाला, आणि त्या सगळ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायनाबाईनं तो व्हिडिओ चारदा पाहिला.

"नंदे, हे लोकं टाळ्या काऊन वाजवून राह्यले?"

"सूर्य बुडाला म्हणून, आई."

"सूर्य त रोजच बुडते."

"हो, पण तो पाहाले लोकं कुठून कुठून येतात तिथी."

बायनाबाई गप्प झाली. बायनाबाई गप्प होणं ही बोरटोल्यात बातमी असते. तिला आठवली ती बोडीची पाळ. गावामागच्या त्या तळ्याच्या पाळीवर ती रोज संध्याकाळी शाळेची गंजं-पातेली घासायची, आणि घासून झाली तरी उठायची नाही. पलीकडच्या मोहांच्या मागं सूर्य उतरायचा, पाणी तांबडं व्हायचं, आणि ती राख लागलेले हात तसेच ठेवून पाहत बसायची. नऊ वर्षं झाली त्याला. आता तिचा सूर्य दाराखालच्या फटीत बुडतो. फट पिवळी असते, तांबडी होते, काळी होते. झाली संध्याकाळ.

"मले पाहाचा आहे," ती फोनवर म्हणाली. "बाहेर बसून. मांगं वळून न पाहता."

नंदिनीनं दोघांनाच विचारलं, चार दिवसांत काय काय करायचं ते लिहून पाठवा. सोमाजीनं हे काम ताबडतोब अंगावर घेतलं. त्याच्या मते सहल म्हणजे शेवटी बंदोबस्तच. दोन दिवस तो वहीत डोकं घालून बसला आणि तिसऱ्या दिवशी त्यानं बेत वाचून दाखवला.

"दिवस पहिला. आगमन. सामान मोजणे. पाच वाजता खोलीत, दरवाजा बंद. दिवस दुसरा. सकाळी नऊनंतर गाव पाहणे, एकट्याने झुडपाकडे न जाणे. पाच वाजता खोलीत, दरवाजा बंद. दिवस तिसरा. समुद्र पाहणे, दुरून. पाच वाजता..."

"खोलीत, दरवाजा बंद!" बायनाबाईनं हातातला चिमटा आपटला. "अवो, ते बेट लोकं पाहातेत कायच्यासाठी? सूर्य बुडण्यासाठी! अन् तुम्ही मले सात समुद्रापार नेऊन कडी लावता?"

"नियम सगळीकडे सारखा असावा," सोमाजी म्हणाला.

मग नंदिनीनं फोनवर सांगितलं की बाबा, तिथं मे महिन्यात सूर्य सव्वाआठला बुडतो. पाच वाजता तर डोक्यावर ऊन असतं. बायनाबाईला वाटलं, चला, सुटला प्रश्न. सोमाजीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, वहीकडं पाहिलं आणि म्हणाला, "ऊन काहीबी म्हणो. घड्याळ त पाचच म्हणते."

कपाळाला हात लावायचा नाही तर काय करायचं? एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्यानं नेण्याच्या सामानाची यादीही केली होती, आणि त्यात होते दोन मुखवटे. आमच्याकडं जंगलात जाताना माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा डोक्याच्या मागच्या बाजूला बांधतात. वाघ पाठीमागून येतो ना, त्याला वाटावं हा माणूस आपल्याकडंच पाहतोय. बायनाबाईनं डोळ्यांपुढं आणलं, ते पांढरं गाव, ते गोरे लोक, आणि त्यांच्यामधून मागंपुढं तोंडं असलेले दोन म्हातारे चाललेत. तिला एवढं हसू आलं की तव्यावरची भाकर करपली.

पण हसून भागणार नव्हतं. एकटीनं जायची तिची तयारी नव्हती. "मी एकटी गेली त इथी मोजाले एकच राहीन," असं ती नंदिनीला म्हणाली, आणि ते थट्टेत म्हटलं तरी थट्टा नव्हती. म्हणजे सोमाजीला हलवल्याशिवाय तिला तो सूर्य मिळणार नव्हता.

सोमाजीचं एक आहे. त्याला देव सांगो, पटणार नाही. शेजारी सांगो, पटणार नाही. दाखला दाखवा, पटला. आयुष्य तहसीलच्या पायऱ्या चढण्यात गेलेलं. बायनाबाईनं हे हेरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट वनरक्षक नूतन मॅडमला गाठलं. पोरगी चंद्रपूरची, तिशीतली, गावाशी बरी वागणारी.

"मॅडम, मले एक दाखला पाहिजे. वाघ नसल्याचा."

"मावशी, इथं वाघ आहे."

"इथचा नाई वो. ग्रीसचा."

नूतन मॅडमनं आधी डोळे मोठे केले, मग सगळं ऐकून घेतलं, आणि मग हसत हसत एक कोरा कागद ओढला. "शिक्का नाही मारणार हं, माझी नोकरी जाईल. सही माझी स्वतःची." कागदावर तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं ते असं:

'दाखला देण्यात येतो की, ग्रीस देशातील सदर बेटावर वाघ, बिबट व अस्वल यांचा वावर असल्याचे ऐकिवात नाही. सदर बेट माझ्या बीटमध्ये येत नसल्याने प्रत्यक्ष पाहणी करता आली नाही. अर्जदार बाईंनी संध्याकाळी बाहेर बसण्यास हरकत नसावी.'

बायनाबाईनं तो कागद सोमाजीच्या ताटाशेजारी ठेवला आणि साळसूदपणे भाजी वाढत राहिली. सोमाजीनं चष्मा लावला. एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला.

"शिक्का नाई," तो म्हणाला.

"शिक्क्याची शाई वाळून गेली म्हणे."

तो हसला नाही. कागदाची घडी घालून त्यानं खिशात ठेवली आणि ताटाकडं पाहत म्हणाला, "बायना, मी का येडा आहो? तिथी वाघ नाई, मले माहीत आहे. इथी आहे."

आता बायनाबाईच्या हातातला डाव थांबला. ती समजली. बेटावरच्या पाच वाजण्याचं त्याला काही नव्हतंच. बोरटोल्यातले पाच त्याला सुटत नव्हते.

मुखरूची गोष्ट गावात कोणी काढत नाही. नऊ वर्षांपूर्वी वाघ नुकता दिसायला लागला होता आणि दवंडी नुकती सुरू झाली होती. त्या दिवशी सोमाजी कागद घेऊन तहसीलला गेला, येताना बस बिघडली, आणि पाचची दवंडी सहाला झाली. मधल्या वेळात त्याचा लहानपणापासूनचा दोस्त मुखरू बोडीकडं बैल आणायला गेला. बैल परत आला. मुखरू गेला तो दवंडी झाली नाही म्हणून, असं गावात कोणी कधी म्हटलं नाही. म्हणणारा एकच होता आणि तो रोज पाच वाजता भोंगा घेऊन निघत होता.

"तेरा-चौदा दिवस," सोमाजी म्हणाला. "कोण देईन दवंडी?"

बायनाबाईला त्या घटकेला नवऱ्याची फार माया आली. पण माया आली म्हणून गप्प बसली तर ती बायनाबाई कसली? तिनं रात्रभर विचार केला नाही, भाजी वाढतावाढताच तिला सुचलं.

"गुरुजी देतीन."

"गुणवंतराव?" सोमाजी जवळजवळ उठलाच. "चोराच्या हाती किल्ल्या!"

खरंच होतं ते. अख्ख्या बोरटोल्यात पाचनंतर बाहेर सापडणारा माणूस एकच, गुणवंतराव गुरुजी. बोडीकडच्या पुलावर बिडी ओढत बसायचे आणि वर सांगायचे की वाघ शिकल्यासवरल्या माणसाच्या वाटेला जात नाही. सोमाजीची दवंडी रोज संपायची ती "गुरुजी, तुम्हीबी!" या शब्दांवर.

"म्हणूनच," बायनाबाई म्हणाली. "भोंगा त्यायच्या हाती दिला त निदान ते एकटे तरी पुलावर नाई सापडणार."

गुरुजींनी भोंगा घेतला, पण माणूस पडला मास्तर. नुसतं ओरडून सांगणं त्यांना जमेना. पहिल्याच संध्याकाळी काखेत हजेरीचं जुनं रजिस्टर घेऊन आले. घरांना नंबर दिले होते. सोमाजी आणि बायनाबाई मागून चालत होते, तो तपासायला, ती मजा पाहायला.

"पाच वाजले!" गुरुजी भोंग्यात गरजले. "घर नंबर एक!"

आतून आधी खसखस पिकली. मग आवाज आला, "हजर गुरुजी!"

"नंबर दोन! सगळे?"

"सगळे हजर! म्हैसबी हजर!"

अर्धं गाव त्यांच्याच हातून शिकलेलं. पोरंबाळं झालेली माणसं बंद दारामागून हजेरी देत होती आणि गुरुजी खुणा करत होते. अकरा नंबरची म्हातारी शेळीमागं गेली होती. हजेरीत ती नाही म्हणताच नातवानं पळत जाऊन तिला आणलं, आणि गुरुजींनी तिला भर रस्त्यात रागे भरलं. असं करत करत सतरा नंबर आला. मुखरूचं घर.

"नंबर सतरा!"

सोमाजीचे पाय थबकले. मग आतून मुखरूच्या सुनेचा आवाज आला, "चारही जण हजर, गुरुजी."

सोमाजीनं गमछा तोंडावर धरला आणि रस्त्यातच रडला. बायनाबाईनं त्याला रडू दिलं. घरी येताना तो एवढंच म्हणाला, "नऊ वर्षं मी नुसता सांगत आलो, बायना. कोणी घरात आलं का नाई, हे कधी विचारलंच नाई."

पंधरा दिवस गुरुजींची हजेरी चालली, आणि पंधराही दिवस सोमाजी मागून हिंडला. एकही दिवस चुकला नाही. पुलावरची जागा ओस पडली. बिडी मात्र गुरुजी आता घरातल्या खिडकीत ओढतात, त्यावरून घरी वेगळीच भांडणं चालू आहेत. सोमाजीनं वही काढली आणि बेतातली चारही 'पाच वाजता खोलीत' एकेक करून खोडली. मुखवटे खुंटीला परत गेले. नूतन मॅडमचा दाखला तेवढा त्यानं पासपोर्टमध्ये ठेवला. कोणी विचारलंच तर कागद असावा, म्हणाला.

निघायच्या आदल्या दिवशी त्यानं गुरुजींकडून भोंगा मागून घेतला. "आज मी देतो," म्हणाला. बायनाबाई घरात बॅगा बांधत होती. पाचला आवाज आला, तोच जुना.

"ऐका हो ऐका! वाघ फिरून राह्यला. ढोरं बांधा, पोरं घरात घ्या, दरवाजे लावा!" मग जरा थांबून, घसा साफ करून, "दुसरी सूचना. येत्या अकरा तारखेपासून चार दिवस बायनाबाई सोमाजी देवगडे ह्या संध्याकाळी पाचनंतर बाहेर बसतील. त्यायले कोणी आत बोलावू नये!"

कुठल्या तरी घरातून टाळी वाजली. मग दुसऱ्या घरातून. बंद दारांच्या आतून, गुरुजींच्या खिडकीतून, सतरा नंबरातून, सगळ्या आळीतून टाळ्या वाजत राहिल्या आणि बायनाबाई बॅगेवर बसून पदरानं डोळे पुसत म्हणत होती, "येडा आहे हा माणूस, निव्वळ येडा."

सोमाजी आत आला. कडी लावली. दाराखालची फट अजून पिवळी होती.

"दोन," तो म्हणाला.

"तिथीबी मोजजा," बायनाबाई म्हणाली. "पण बाहेर बसून."