दाजी घेत्यात

आमच्याकडे जावयाला दारुडा म्हणता येत नाही. तो पितो हे सगळ्या गावाला ठाऊक असलं तरी सासुरवाडीत त्याला मान द्यावाच लागतो. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान, म्हणजे आमचे दाजी, पळसदेवचे. भिगवणहून मासळीचा टेम्पो चालवायचे. त्यांच्या पिण्याबद्दल आमच्या बारामतीजवळच्या पणदऱ्याच्या घरात एकच शब्द होता: "घेत्यात." काय घेतात हे कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही. नव्वद सालानंतरची ती वर्षं आठवली की मला आधी हा शब्द आठवतो आणि अजून डोकं फिरतं.

एकदा अक्का दाजींना घेऊनच माहेरी आली. दाजींचे डोळे पिवळे झाले होते. बशीतला चहा ओठापर्यंत जाईस्तोवर अर्धा सदऱ्यावर सांडला. आमच्या वडिलांनी, आबांनी, ते बघितलं आणि पावसापाण्याचं विचारलं. अक्का मला गोठ्यात घेऊन गेली. म्हणाली, "ह्यांचं काय खरं न्हाय. कुठंतरी दाखीव बाबा. पोरींच्या तोंडाकडं बघवत न्हाय मला." तिला दोन मुली होत्या, दोघी शाळेत.

मी निघालो तेव्हा आबांनी बजावलं, "ने बारामतीला. पण पाहुण्यांना लागंल असं कायबाय बोलू नगंस."

मी बोललो नाही. बारामतीच्या डॉक्टरांनी काय होतंय म्हणून विचारलं, मी म्हणालो, "पोटाचं हाय." दाजी म्हणाले, "व्हय, पोटाचंच." डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि सलाईन लावलं. आमच्याकडे सलाईन लागलं की उपचार झाला असं धरतात. दाजींना चांगलीच तरतरी आली आणि त्या तरतरीतच ते एसटी स्टँडमागच्या दुकानात जाऊन आले. मी बाहेर सायकलस्टँडपाशी उभा राहून वाट बघितली. पाहुण्यांना अडवणार कसं?

बारामतीहून इंदापूरला जाताना रस्त्याकडेच्या भिंतींवर तेव्हा पांढऱ्या चुन्यात लिहिलेलं असायचं: 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा.' तो शब्द उघडपणे लिहिण्याची हिंमत त्या मुलखात फक्त भिंतींना होती. अक्काने तसली पावडर मिळवली आणि आमच्याकडे असतानाच चहाच्या पातेल्यात टाकली. आता पातेलं एक आणि कप चार. आबांना दिवसभर परसाकडे पळावं लागलं. दाजींनी आणखी अर्धा कप मागून घेतला.

मग ती दोघं पळसदेवला परतली आणि मी दाजींना इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तरुण होते. पुढे लांबलचक रांग होती, त्यांना घाई होती.

"घेतात का?" त्यांनी मला विचारलं.

मला हायसं वाटलं. हा माणूस आपल्यातला, न सांगता समजणारा. "घेत्यात," मी म्हणालो.

"काय काय?"

आता आली का पंचाईत? दाजी माझ्या मांडीला मांडी लावून बसलेले. मी बारामतीच्या डॉक्टरांनी दिलेलं सिरप सांगितलं, गोळ्या सांगितल्या, मधे कुणीतरी दिलेला काढा सांगितला. डॉक्टर वैतागले. "एवढं सगळं? आजपासून बंद. एकदम बंद."

मी खूश झालो. मला वाटलं, काढ्याआडची गोष्ट त्यांनी बरोबर ओळखली. ते सिरपबद्दल बोलत होते की दारूबद्दल, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मी अक्काला जाऊन सांगितलं, डॉक्टर म्हणतायत एकदम बंद. आणि नवल म्हणजे दाजी तयार झाले. देव्हाऱ्यातला खंडोबाचा भंडारा उचलून कपाळाला लावला आणि म्हणाले, "सोडली." आमच्यात भंडारा उचलून बोललेला शब्द मागे घेत नाहीत. दाजींनीही घेतला नाही. एवढं त्यांचं मी मान्य करतो.

दोन-तीन दिवसांत निरोप आला, लगेच या. मी पोचलो तर भर दुपारी दाजी अंगणात बसून अंगावरचे मासे वेचत होते. मासे कुठले? सदरा घामाने भिजलेला, त्यावर काही नव्हतं. पण ते एकेक मासा चिमटीत धरून बाजूला टाकत होते आणि भिंतीवरून आणखी येतायत म्हणत होते. सकाळी त्यांना फिटही येऊन गेली होती. अंगणात माणसं जमली होती. एकजण म्हणाला भंडारा उलटला, मनात खोट असणार. दुसरा म्हणाला बाहेरचं आहे, देवऋषी बोलवा. मला तर काहीच समजेना. दारू प्यायल्याने माणूस बिघडतो हे लहानपणापासून ऐकलं होतं. सोडल्याने बिघडतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

अक्का आतून पेला घेऊन आली. वासावरून कळलं. शेजाऱ्याला पाठवून तिनेच मागवली होती. दाजींची मान हाताने धरून, तान्ह्या पोराला पाजावं तसं तिने त्यांना ती पाजली. हळूहळू त्यांचा थरकाप कमी झाला.

"घेतली तरी मरत्यात, सोडली तरी मरत्यात," ती मला म्हणाली. "मी काय करू, सांग तू. तू शिकलायस."

मी बी.कॉम. होतो. मला तिचा राग आला, दाजींचा आला, त्या भंडाऱ्याचासुद्धा आला. मग टेम्पोत घालून दाजींना भिगवणला नेलं. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी नाडी धरली, तोंडाचा वास घेतला आणि विचारलं, "सोडायला कुणी सांगितली?"

"डॉक्टरनीच," मी म्हणालो.

ते म्हणाले, इतकी पिणाऱ्याची एकदम तोडली तर जीव जातो, ती दवाखान्यात ठेवून सोडवावी लागते. त्यांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. बारामतीत दर बुधवारी पुण्याहून व्यसनमुक्तीची माणसं येतात, ती पेशंटला जीपमधून सोबत नेतात, म्हणाले. बोळही सांगितला. तो बोळ मला पाठ होता. सलाईन लावलं तो दवाखाना त्याच बोळात. 'व्यसनमुक्ती' असा बोर्ड मी तेव्हा वाचलासुद्धा होता. मुक्ती म्हटल्यावर मला वाटलं, कुठल्यातरी महाराजांची बैठक असेल.

बुधवारी आम्ही तिघं गेलो. एक खोली, दोन बाकं, टेबलामागे चष्मा लावलेल्या बाई. दाजी आणि मी बाकावर इतर पेशंटांशेजारी बसलो. अक्का डोक्यावर पदर घेऊन दाराशी उभी राहिली, नवरा बसलाय म्हणून.

"कोणाला दाखल करायचंय?"

"पाहुण्यांना."

"त्रास काय?"

आणि माझ्या तोंडून सवयीने गेलंच, "पोटाचा."

"पोटाचे पेशंट आम्ही नेत नाही. शेजारी डॉक्टर आहेत."

"म्हणजे, जरा घेत्यात," मी म्हणालो.

"काय घेतात?" बाईंनी विचारलं. त्यांना सगळं समजलं होतं, हे मलाही समजत होतं. "ते मी बोलणार नाही. तुमच्यापैकी कुणीतरी बोला, नाहीतर पेशंट बोलू दे. नाही बोललात तर तिथं नेऊनही उपयोग होत नाही. जीपमध्ये जागाही थोडी आहे."

मी दाजींकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते. गोळ्या संपत आल्या होत्या, पुन्हा मासे दिसायला लागले असते, आणि याखेरीज दुसरं ठिकाण आम्हाला माहीत नव्हतं. हे सगळं कळत असूनही मला एक शब्द उच्चारता येईना.

"दारू पितो हा," अक्का दारातून म्हणाली.

'हा.' लग्न झाल्यापासून अक्काच्या तोंडून दाजींसाठी एकेरी शब्द मी ऐकला नव्हता. ते ओकले तरी ती "त्यांनी उलटी केली" म्हणायची. माझे कान तापले. वाटलं, आता दाजी उठून जाणार आणि सगळंच मुसळ केरात.

दाजींनी हळूच मान वळवली. "काय म्हनलीस?"

ते रागाने विचारत होते की खरंच ऐकू आलं नव्हतं, की आणखी काही होतं, मला तेव्हा ओळखता आलं नाही आणि आताही सांगता येणार नाही.

"दारू पितोस तू," अक्का म्हणाली. "मरशील. आन् मी रडणार न्हाय."

बाकावरचे बाकीचे लोक खाली बघायला लागले. दाजी मग बाईंना म्हणाले, "तिचं खरं हाय. घ्या मला."

दाजी पुढे बरे झाले. मधे एकदा घसरले, पुन्हा गेले, पुन्हा आले. पण त्या बुधवारी हे कुणाला माहीत होतं? जीप त्यांना घेऊन गेली आणि आम्ही दोघं स्टँडवर येऊन बसलो. अक्का डोळे मोठे करून समोर बघत होती. मी चहा विचारला, ती नको म्हणाली.

"रडू येतंय का बघतीय मघापासनं," ती म्हणाली. "येत न्हाय रं."

तेवढ्यात भिगवणवरून पळसदेवला जाणारी गाडी लागली. पोरी शाळेतून यायच्या आत तिला घरी पोचायचं होतं.