दसऱ्याला पुजलेलं लायसन

बावीस वर्षं झाली टिकाराम मडावीला गाडी चालवताना. एक चालान नाही, कुणाला साधं खरचटलंही नाही. समुद्रपूर तालुक्यात असा दुसरा ड्रायव्हर दाखवा बरं! आणि अशा माणसाचं लायसन गेलं, तेही देवापुढून.

दसऱ्याला जो तो आपलं औजार पुजतो. टिकारामची गाडी मालकाची, ती मालकाच्या दारी पुजली गेली. मग घरी काय पुजायचं? त्याच्या बायकोनं, रामबाईनं, लायसन पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला. दिवा कलंडला. प्लास्टिकच ते, अर्धं वितळून गोळा झालं. पूजेतली वस्तू भंगली की घरात ठेवत नाहीत, म्हणून तिनं ते निर्माल्यासोबत नदीत सोडलं आणि नवऱ्याला सांगितलं तिसऱ्या दिवशी.

"अवं, पन पान्यात काऊन सोडलं?" टिकारामनं कपाळावर हात मारला. सोमवारी त्याला वर्ध्याच्या एका शाळेच्या बसवर नव्या नोकरीला रुजू व्हायचं होतं, आणि लायसन दाखवल्याशिवाय चावी मिळणार नव्हती. रागाच्या भरात तो नको ते बोलला. रामबाईला दोन दिवस घास गोड लागला नाही.

आरटीओच्या खिडकीवर पौर्णिमा मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, "खराब झालं असेल तर जुनं कार्ड जमा करा. हरवलं असेल तर पोलिसांचा कागद आणा. तुमची नोंद आमच्याकडे आहे, दुसरं निघेल. तोवर मोबाइलवर काढून घ्या, तेही चालतं."

आता हे जळलंही आणि गेलंही! फाटकाबाहेर एकानं फुकटचा सल्ला दिला, "पाकीट मारलं म्हना ना भाऊ, कोन पाह्यते?"

टिकारामला ते पटलं नाही. पण ठाण्यात हवालदार प्रभाकररावांनी "कसं गेलं?" म्हणून विचारलं, तेव्हा मात्र बायकोला लोक हसतील या भीतीनं त्यानं गोष्ट फिरवली. "साहेब, माह्याच हातून नदीत पडलं."

हट्टानं सोबत आलेली रामबाई पदर सावरत पुढे झाली. "हे खोटं बोलून राह्यले, साहेब. मीच सोडलं. लोक गाडी पुजते, आमची गाडी नाई. त्या कार्डावरच आमची चूल पेटते, अन् हे रोज धड घरी येते. म्हनून देवापुढं ठेवलं."

टिकारामनं मान खाली घातली. त्याला स्वतःचीच लाज वाटली. प्रभाकररावांनी हसू दाबून होतं तसंच लिहून घेतलं, अगदी हळदकुंकवासकट.

सोमवारी शाळेनं तो कागद आणि मोबाइलवरचं लायसन पाहून चावी दिली. पुढं पोस्टानं नवं कार्ड आलं. टिकारामनं पाकीट फोडलंच नाही. तसंच रामबाईच्या हातात दिलं.

"घे, तूच फोड. अन् दसऱ्याले देवापुढं ठेवजो," तो म्हणाला. "फकत दिवा जरा दूर लावजो."