मांडीवरचा नकाशा

माझ्या नवऱ्याची दर्यापूर-अकोला काळीपिवळी जीप होती. त्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी तीन-चार माणसं कोंबायची रीत होती. मी गाडीत असले की मात्र समोर दुसरं कोणी नसायचं. माहेरी जायचं असो की अकोल्याला डोळे दाखवायचे असोत, तो स्टँडवर ओरडायचा, "समोर घरचं मानूस हाय, मांगं व्हा." लोक कुरकुरत मागे जायचे. मी खिडकीला कोपर टेकवून बसायचे. तेवढाच माझा थाट. नवरा गेला, जीप विकली, पण समोरची सीट माझी हे माझ्या डोक्यातून गेलं नाही.

पुढे कपाशीवर बोंडअळी आली, सोयाबीन पाण्यात गेलं, अशी एकामागून एक वर्षं निघाली. गावातली तरणी पोरं पुण्याकडे कंपन्यांत गेली. माझ्या पोराने शेत बटाईने दिलं आणि एक जुनी, चारही चाकं ओढणारी गाडी घेतली. मला वाटलं, बापासारखा सवाऱ्या भरणार. तर नाही. शहरातले लोक हिवाळ्यात आपल्या मोठ्या गाड्या घेऊन येतात, त्यांना डांबर नसलेल्या वाटा हव्या असतात. नाला, बंधारा, नदीचा काठ, बैलगाडीची पांदण, डोंगराच्या पायथ्याचे गोटे. याने पुढे चालायचं आणि त्यांनी मागून यायचं, हा धंदा. पैसे देऊन गाडी चिखलात घालायची हे मला आधी खरंच वाटेना. पण लोक आले. मी त्यांना ज्वारीच्या भाकरी आणि झुणका करून घातला, तोही त्यांनी फोटो काढून खाल्ला.

पोराला आमच्या शिवारातल्या वाटा माहीत. पलीकडच्या गावांतल्या कुठून माहीत असणार? शेतातली वाट एका वर्षी असते, दुसऱ्या वर्षी कोणीतरी धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, नांगरून टाकतो. म्हणून नकाशा लागायचा. आणि नकाशा बघायला माझी सून लागायची.

ती अमरावतीची, राजापेठेतली, कॉलेज झालेली. मी चौथीपर्यंत. त्याचं मला काही वाटत नाही, चौथीत मी हुशार होते. मला वाटायचं ते वेगळंच. ती समोर बसायची. मोबाईल मांडीवर, दोन बोटांनी नकाशा मोठा करायची, लहान करायची, आणि पोरगा गाडी हळू करून तिच्या मांडीकडे वाकायचा. मग दोघं हसायची. मागच्या सीटवर इंजिनचा आवाज एवढा की काय हसली ते कळायचं नाही.

"काय झालं?" मी विचारायचे.

"काई नाई माय, रस्ता."

रस्त्यात हसण्यासारखं काय असतं?

मला घरी बसता आलं असतं. सून तेच म्हणायची, "आई, तुमाले गचके बसतात जी, तुमी रहा घरी." मुद्दाम म्हणायची असं नाही. पण ती तसं म्हणाली की मी आधी गाडीत जाऊन बसायचे. समोर नाही. समोर तिची ओढणी पडलेली असायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर मोबाईलवरचा नेहमीचा नकाशा दोनदा फसला. नदीकाठी रेंज गेली आणि पडदा पांढरा झाला. एकदा त्याने आम्हाला जवळची वाट म्हणून एका पडक्या पुलावर नेऊन उभं केलं. पोरगा म्हणाला, आता नीट वस्तू घ्यावी लागते. घरात रोज तेच बोलणं सुरू झालं. मी भाकरी थापता थापता सगळं ऐकलं. मला त्यातलं एवढं कळलं की वस्तू दोन जातींच्या असतात. एक हातात धरून कोणीतरी बघावी लागते, दुसरी गाडीला चिकटते आणि आपली आपण बोलते. चिकटणारी आली की शेजारी नकाशा बघणारं माणूस लागत नाही. सीट मोकळी होते.

मी म्हटलं, "मी पन येतो अकोल्याले."

अकोल्याचा दुकानदार नवऱ्याच्या वेळचा. त्याच्या बापाचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं, आता त्याच जागी मोबाईल आणि गाड्यांचं सामान. मला पाहून त्याने स्टूल पुसून दिलं. मी बसायच्या आधीच विचारलं, "भाई, आपोआप रस्ता सांगनारं दाखव. कोनी पकडा लागू नये असं."

त्याने काचेवर चिकटणारा एक पडदा काढला. लावला तर बाईच्या आवाजात बोलायला लागला.

"हेच दे," मी म्हटलं.

"आई, थांबा ना," सून म्हणाली. "भाई, याच्यात कच्च्या वाटा हायेत का?"

"नाई भाभी. ये पक्की सडक का माल हाय. शहरात मस्त चालते. धुऱ्यावर नेसान तर ही बाई चूप बसते नाईतर वापस फिरा, वापस फिरा करते."

"चूप बसली तर बरंच हाय," मी म्हटलं.

दुकानदार हसला. "अम्मा, तुमाले रस्ता पायजे का भांडन?"

पोरगा माझ्याकडे न बघता चार्जर उलटेपालटे करत राहिला.

मग सुनेने टॅब मागितला. त्यात एक ॲप टाकायचं, घरी रेंजमध्ये असताना सगळ्या भागाचा नकाशा उतरवून ठेवायचा, मग रेंज गेली तरी चालतं. आपण गेलो ती वाट त्यात रेघ होऊन राहते. पुढच्या वेळी त्या रेघेवरून जायचं. वरून काढलेला फोटोही दिसतो, त्यात पांदण, विहीर, बाभळी, सगळं. "मोठा पडदा हाय," ती म्हणाली, "मांडीवर ठेवून आरामात सांगता येते."

मांडीवर. ते ऐकून माझं पाणी प्यायचं राहिलं.

"गाडीच्या हादऱ्यानं पडन तो," मी म्हटलं. "उन्हात तापन. चार्जिंग सरन. मंग?"

दुकानदाराला ते पटलं. त्याने खालच्या खणातून एक लहान जाड वस्तू काढली, साबणाच्या वडीएवढी. रबराची कड, बटणं, आत सेल. जंगलात पायी फिरणारे वापरतात म्हणाला. पडली तरी फुटत नाही, भिजली तरी चालते, सेल बदलले की पुन्हा सुरू. पडदा मात्र तळहातापेक्षा लहान. मी ती हातात घेतली. माझ्या हातात नीट बसली. मोतीबिंदू काढल्यापासून मला जवळचं चष्म्याने स्वच्छ दिसत होतं. मला त्या क्षणी कळलं की सीट मोकळी करायची गरज नाही. सीटवर मी बसू शकते.

"मी पाहीन याच्यात," मी म्हटलं.

सून म्हणाली, "आई, तुमाले जमन का?"

"कावून नाई जमनार? तू पोटातून शिकून आली का?"

पोराने मध्ये पडून सांगितलं, टॅब घेऊ, ही वस्तू चार दिवस वापरून पाहू. रविवारी तीन गावं पलीकडच्या बंधाऱ्यापर्यंत जाऊ. जाताना ती टॅबवर सांगेल, येताना माय या वस्तूवर. जे बरं ते पुढे ठेवू. त्याला वाटलं त्याने वाद मिटवला.

मी चार दिवस ओट्यावर बसून ती वस्तू शिकले. बटण दाबलं की आमचं गाव, वर पूर्णा. मी नदीकडे तोंड करून बघितलं. नदी समोरच, उत्तरेला. नकाशाच्या वर उत्तर, खाली दक्षिण, उजवीकडे उगवती, डावीकडे मावळती. चौथीत गुरुजींनी भिंतीवरच्या नकाशावर छडी ठेवून हेच शिकवलं होतं. मला एकही गोष्ट विचारावी लागली नाही.

रविवारी जाताना सून समोर बसली. तिने नीट नेलं. मान्य करायला माझी हरकत नाही, नीटच नेलं. बंधाऱ्यावर आम्ही डबा खाल्ला. पोरगा तिला म्हणाला, "लय मस्त सांगितलं तू." मला वाढून घेतलेली भाजी खारट लागली. ती मीच केली होती.

येताना मी समोर बसले. सुनेने ओढणी उचलली आणि मागे गेली. मी खिडकीला कोपर टेकवला. किती वर्षांनी टेकवला. मधल्या एका नाल्यापाशी पोराने विचारलं, "माय, बरोबर चाल्लो ना?" मी म्हटलं, "हाव." तेवढ्यात मला सगळं मिळालं होतं. पुढे वाट फुटली. पोराने वस्तूत आधीच भरून ठेवलेली वाटेची रेघ पडद्यावर डावीकडे वळत होती. आमच्या घरात डावं-उजवं कोणी बोलत नाही. ताटात मीठ वाढतानासुद्धा आम्ही मावळतीकडे सरकव म्हणतो. मी रेघ पाहिली आणि म्हटलं, "मावळतीकडं घे."

पोराने सूर्य पाहिला आणि गाडी मावळतीकडे घातली.

मागून सून म्हणाली, "अहो, थांबा, मले वाटते..."

"तिचं ऐकू नको. आता माहा नंबर हाय," मी म्हटलं.

वाट थोडी पुढे जाऊन एका हरभऱ्याच्या शेताच्या कडेला संपली. रात्रभर तुषाराचे फवारे लावून भिजवलेला हरभरा. काळी जमीन ओली झाली की कशी होते ते ज्याने पाय घातला त्याला माहीत. पोराने मागे घ्यायला चाक फिरवलं आणि गाडी मागच्या बाजूने शेतात घसरली. चारही चाकं फिरली आणि चारही रुतली.

शेताचा मालक विहिरीकडून आला. आधी शिव्या देत आला, मग वस्तू बघून थांबला. "हे काय हाय?"

"जीपीएस," पोरगा म्हणाला.

"आकाशातून रस्ता सांगते तेच ना? मंग त्यानं माह्या हरभऱ्याचा पत्ता देल्ला का?" तो ट्रॅक्टर आणायला गेला. जाताना मला म्हणाला, "आजीबाई, उतरू नका, चप्पल जाईन."

सून मात्र उतरली. सलवार गुडघ्यापर्यंत वर करून चिखलातून समोर आली आणि माझ्या हातातली वस्तू बघितली. "आई, हा नकाशा फिरते जी. गाडीचं तोंड जिकडं, ते वर येते. आपन दक्षिनेले चाललो होतो, म्हनून डावीकडं म्हनजे उगवती होती."

"नकाशा कुठं फिरते? शाळेतला कधी फिरला नाई."

"शाळा फिरत नाई ना माय," पोरगा म्हणाला. आणि दोघं हसली. या वेळी मी समोर होते, सगळं नीट ऐकू आलं, आणि तरी ते हसणं त्या दोघांचंच होतं. पोरगा चिडला असता तर मला चाललं असतं.

माझं आजही म्हणणं आहे की चूक त्या वस्तूची होती. वर उत्तर नसेल तर त्याला नकाशा म्हणू नये.

ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. पोराने मोडलेल्या हरभऱ्याची भरपाई देऊ केली तर मालक म्हणाला, असू द्या, त्या शहरवाल्या गाड्या आल्या की माझ्या विहिरीवर चहाला थांबवा. आम्ही निघायच्या वेळी सून गाडीपाशी उभीच होती. मीच वस्तू सीटवर ठेवून उतरले आणि मागे गेले. चप्पल गेलीच एक.

गाडी चालू झाल्यावर तिने समोरून हात मागे केला. हातात ती वस्तू. "आई, याच्यात सेटिंग असते. आता वर उत्तरच राहीन. फिरनार नाई." मी घेतली. तिने ते भांडणासाठी केलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. चांगुलपणाने केलं, त्याला काय उत्तर द्यायचं? मी घरापर्यंत पडदा बघत आले. वर उत्तर होती. गाडी खाली खाली येत होती. सगळं बरोबर होतं आणि मी मागे होते.

पोराने दोन्ही वस्तू ठेवल्या. समोर टॅब, मागे ती. एक बंद पडली तर दुसरी असावी, असं त्याने पाहुण्यांना सांगितलं. पाहुणे मला "बॅकअप आजी" म्हणायला लागले. त्याचा अर्थ मी विचारून घेतला.

संक्रांतीनंतर पाच-सहा गाड्यांचा ताफा घेऊन आम्ही डोंगराच्या पायथ्याला गेलो होतो. परत दक्षिणेकडे येताना तिथे वाट तीनकडे फुटते. नेमका तिथे टॅबचा पडदा काळा झाला. चार्जरची वायर हादऱ्यांनी सैल झाली होती. सून वायर खोचत होती, काढत होती, फुंकर मारत होती. पाठीमागे शहरवाले हॉर्न वाजवायला लागले.

पोरगा मागे वळला. "माय, तू सांग."

मी मुद्दाम चष्मा पुसला. मग सांगितलं, "उगवतीकडं."

सुनेने वॉकीटॉकीचं बटण दाबून मागच्या गाड्यांना सांगितलं, "लेफ्ट घ्या, लेफ्ट." माझा शब्द तिच्या तोंडून पाच गाड्यांत गेला. वाट बरोबर निघाली. पोरगा म्हणाला, "वा माय." मी पुढच्या फाट्याची रेघ बघून ठेवली, त्याच्याही पुढच्या फाट्याची. मनात म्हटलं, वायर अशीच राहू दे. पण पहिला नाला ओलांडायच्या आत तिने वायरीला रबर गुंडाळून ती घट्ट बसवली. टॅब लागला आणि पोरगा पुन्हा तिच्या मांडीकडे वाकला.

दुसऱ्या दिवशी त्याने अकोल्याहून नवी वायर आणली. चांगली जाड. जुनी त्याने अंगणात फेकली होती. मी झाडताना उचलली, पुसली आणि माझ्या ट्रंकेत लुगड्याखाली ठेवली. नव्या-जुन्या दोन्ही वायरींची टोकं सारखीच आहेत. मी जुनी टॅबला लावून बघितली.