चार तासांचा माणूस

“बरें, फुडें कितें?” बरं, पुढे काय, असं कोंकणीत म्हणून तो दोन्ही तळहात स्वतःच्या मांड्यांवर आपटायचा. आवाज चांगला मोठा व्हायचा. मांड्यांना मात्र काहीच कळायचं नाही. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी हातातलं काम थांबवलं होतं. नंतर सवय झाली.

मी त्या काळात डिचोली तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात नर्स होते आणि तो साखळीहून पणजीला जाणाऱ्या एका खाजगी बसचा कंडक्टर. असे कंडक्टर तुम्हीही पाहिले असतील. बस थांबायच्या आत खाली, सुटल्यावर धावत वर, आणि मधल्या वेळात टपावर. एका जागी उभा असा तो मला कधी दिसला नाही. भाषेचा वाद पेटला होता तेव्हा त्याच्या बसमध्ये मागचे लोक मराठीची बाजू घेऊन भांडत आणि पुढचे कोंकणीची. तो दोघांनाही सांगायचा, “आदीं फाटीं सरात, मागीर भांडात!” आणि गंमत म्हणजे लोक आधी मागे सरत, मग भांडत.

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या मे महिन्यात एका म्हातारीचं फणसांचं पोतं टपावरून उतरवताना त्याचा पाय शिडीवरून निसटला. पाठ रस्त्याकडेच्या दगडावर आदळली. कमरेच्या जरा वर मणका मोडला. दोन महिने मोठ्या इस्पितळात काढून तो घरी आला तेव्हा चाकाची खुर्ची होती, आणि लघवीसाठी आत बसवलेली रबराची नळी आणि पिशवी होती.

ती नळी महिन्याने बदलायला मी त्याच्या घरी जायची. मी नळी बदलत असेपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. एरवी दहा माणसांना गप्प करणारा हा माणूस तेवढा वेळ एक शब्द बोलायचा नाही. पिशवीवर कायम टॉवेल टाकलेला. कोणी भेटायला आलं की आधी टॉवेल सारखा करायचा, मग “या, बसा” म्हणायचा.

त्या पावसाळ्यात त्याला तीनदा ताप भरला. नळीत गाळ साचायचा, ती तुंबायची, बाजूने गळून बिछाना भिजायचा. त्याची बायको, तिला मी वहिनी म्हणायची, चादरी धुऊन चुलीवरच्या दोरीवर वाळत घालायची आणि त्या वाळायच्या आत दुसऱ्या भिजायच्या.

आमच्या केंद्रात तेव्हा एक तरुण डॉक्टर नवीन आले होते. ते एक दिवस माझ्याबरोबर त्याच्या घरी आले, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, “हे असं चालू ठेवायचं का, ते आज ठरवू या.”

मग त्यांनी तीन मार्ग सांगितले. एक म्हणजे आहे तीच नळी ठेवायची. दुसरं, ओटीपोटाला छोटं छिद्र पाडून तिथून नळी घालायची. तिसरं, दर चार तासांनी स्वतःच स्वच्छ नळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची. बाहेरून रबरी टोपी लावायचाही एक प्रकार होता, पण त्याचं मूत्राशय आपणहून नीट रिकामं होत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला.

त्याने सगळं ऐकलं. मग एकच प्रश्न विचारला. “चार तासांनी घालची ती. मदल्या वेळार आंगाक कितेंच लागून आसना?”

“काहीच नाही. ना नळी, ना पिशवी.”

“मागीर तीच.”

वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, “आणि हात थरथरले तर? कितें जालें तर? आसा तें बरें आसा.”

खरं सांगते, मी वहिनीच्या बाजूची होते. आहे त्या नळीत मला एक हिशेब दिसत होता: महिन्यातून एक फेरी आणि माझं काम संपलं. या नव्या प्रकारात त्याने हात नीट धुतले का, नळी उकळली का, वेळ चुकवली का, हे सगळं माझ्या डोक्याला लागणार होतं. मी म्हटलं, “भाऊ, घाई करू नका. विचार करा.”

“बाय, चार म्हयने खाटीर पडून हांव आनी कितें करता?”

शिकवायला आठ दिवस लागले. पहिल्या दिवशी नळीला रक्ताचा थेंब लागला आणि त्याने ती ट्रेमध्ये फेकली. डॉक्टरांना शिव्या दिल्या, मला दिल्या, फणसांना दिल्या. दुसऱ्या दिवशी मी गेले तर हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन, नखं कापून, उशीला टेकून वाट बघत बसलेला. पाचव्या दिवशी नळी नीट आत गेली आणि भांड्यात धार पडल्याचा आवाज झाला. तो भांड्याकडे बघत राहिला. मग वहिनीला हाक मारून म्हणाला, “ही पिशवी आतां भायर उडय.” तिने ती फेकायला न्हाणीकडे नेली.

महिन्याभरात तो बसस्टँडवर जाऊन बसायला लागला. शेजारी खुर्ची ढकलत नेऊन सोडायचे. कुठली बस कुठे चालली, कुठली चुकली, ते तो ओरडून सांगायचा. बसमालकांनाही ते सोयीचं वाटलं आणि त्यांनी त्याला तेच काम दिलं. मी येता-जाता त्याला बघायची आणि माझीच मला लाज वाटायची.

पण सुख तेवढंच टिकलं. दिवाळीच्या सुमाराला त्याला असा ताप भरला की दात वाजायला लागले. लघवीतून रक्त. जीपमध्ये घालून मोठ्या इस्पितळात नेलं. मी तिथं पोचले तेव्हा वहिनी बाकावर बसली होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, “तुमी शिकयलें. आतां तुमीच पळयात.” पळयात, म्हणजे बघा.

मी चार दिवस नीट जेवले नाही. कुठे चुकलं, हे मनात पुन्हा पुन्हा तपासत होते. नळी पुरेशी उकळली नसेल का? विहिरीचं पाणी?

ताप उतरल्यावर त्यानेच सांगितलं. नळीचा दोष नव्हता. बसस्टँडवर आडोसाच नव्हता. मुतारीच्या तीन पायऱ्या त्याची खुर्ची चढू शकत नव्हती. म्हणून तो सकाळपासून पाणीच प्यायचा नाही आणि चार तासांचे आठ, कधी नऊ तास करायचा.

“मला का नाही सांगितलं?” मी चिडले होते.

“कितें सांगूं? मुतपाक जागो ना, असो अर्ज करूं?”

डॉक्टर म्हणाले, “हवं तर पुन्हा कायमची नळी घालू. त्यात कमीपणा नाही.” वहिनीने होकारार्थी मान हलवली. मीही.

“आट दीस दियात म्हाका,” तो म्हणाला.

घरी आल्यावर तो तडक स्टँडसमोरच्या हॉटेलात गेला. सकाळची भाजी-पावाची वेळ. सगळी बाकं भरलेली. त्याने मालकाला सरळ हाक मारली, “दादा, म्हाका धा वरांचेर आनी दोन वरांचेर तुजी फाटली खोली जाय. धा मिन्टां. मुतपाक.” दहाला आणि दोनला त्याला मागची खोली हवी होती.

कुणीतरी फिसकन हसलं. त्याने मान वळवून त्या बाकाकडे बघितलं. “हांसता कोण? ये, दाखयतां तुका कशें करतात तें. शीक. फाल्यां तूं पडलो जाल्यार उपेगाक पडटलें.”

हॉटेलमालक पोक्त गृहस्थ. काउंटरवरून उठले, मागच्या खोलीतली पिठाची पोती स्वतः सरकवली आणि दाराला जुन्या साडीचा पडदा लावला. हे मला वहिनीने नंतर सांगितलं, आणि सांगताना ती पहिल्यांदा माझ्याशी हसली.

असं सात वर्षं चाललं. माझी बदली पेडण्याला झाली, तरी महिन्या-दोन महिन्यांनी मी त्याच्याकडे डोकवायची. मग मात्र त्याला नळी घालताना अडायला लागलं. आतला मार्ग आखडला होता. दोनदा रुंद करून घेतला, पुन्हा तेच. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता पोटातून नळी घालणं बरं.

मी घाबरत घाबरत भेटायला गेले. मला वाटलं, हा मोडून पडला असेल. सात वर्षं जपलेली गोष्ट हातची जाणार होती. मी समजुतीच्या चार गोष्टी मनात जुळवूनच नेल्या होत्या.

तो अंगणात बसून कोयत्याने नारळ सोलत होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “पुढच्या सोमवारी घालतात. पिशवी पायाक बांदपाची, पँटीच्या भितर. हांवें विचारून घेतलां.”

“वाईट वाटतं का?”

त्याने नारळ खाली ठेवला. “वाटता तर. पूण बाय, तेन्नां तुमी सगळीं एके वटेन आशिल्लीं आनी हांवें दुसरें थारायलें. आतांय हांवच थारायतां. बसूच बदलली न्हय? बदलची.” तेव्हाही ठरवणारा तोच होता, आताही तोच; फक्त बस बदलायची होती. मग मांड्यांवर तळहात आपटले. “बरें, फुडें कितें? चा घेतात मू?”

मी चहा घेतला. जुळवून आणलेल्या चार गोष्टी तशाच परत घेऊन गेले.

त्यानंतर तो नऊ वर्षं जगला. गेला तो छातीच्या दुखण्याने, दोन दिवसांत. मला कळलं तेव्हा दिवसकार्यही होऊन गेलं होतं. वहिनी म्हणाली, “तुमकां कळोवंक सांगिल्लें तांणें. म्हजेच लक्षांत रावलें ना.” मी तिचा हात धरून बसले.

पण मला तो आठवतो तो जाण्याच्या आदल्या वर्षीचा. त्याची मुलगी तेरेखोलला दिली होती. तो तिच्याकडे निघाला होता आणि मी केरीच्या धक्क्यापर्यंत सोबत गेले होते. फेरीबोटीत चार माणसांनी खुर्ची चढवली. इस्त्रीचा शर्ट, खाली लांब पँट. आत काय बांधलंय ते कुणाला कळायचं कारण नव्हतं. बोट सुटली. मी धक्क्यावरून हात वर केला. त्याने बघितलंच नाही. एका स्कूटरवाल्याने गाडी आडवी लावली होती, आणि हा खुर्चीतून अर्धा वाकून, दोन्ही हातांनी, ती कशी सरळ लावायची ते त्याला दाखवत होता. बोट नदीच्या मध्यावर गेली तरी त्याचे हात हलताना दिसत होते.