चढाला गाणं बंद

दादानं आपल्या जुन्या पिकअपला नवा स्टिरिओ बसवला, दारांत मोठे स्पीकरही. नर्सरीतली रोपं घेऊन आम्ही निघालो, तर पहिल्याच गाण्याला काचा थरथरल्या. दादा जाम खूश. पण घाटाचा चढ लागला आणि त्यानं ऐन रंगात आलेलं गाणं बंद केलं.

"का रे?"

"चढाला इंजिनाकडे कान ठेवावा लागतो. जुना टेप एवढा बारीक वाजायचा, की गाण्याबरोबर तेही ऐकू यायचं. आता हिची धापच ऐकू येत नाही."

मग वर पोचेपर्यंत आम्ही गप्प बसून गाडीचं कण्हणं ऐकलं. मला वाटलं, सुखाची वस्तू आली की आधी कष्टणाऱ्याचाच आवाज दबतो, आणि त्याचं बरं चाललंय असं आपण समजतो.

संध्याकाळी घरी मी टीव्हीवर मालिका लावून बसले होते. झाडांना पाणी घालायला आई बादली घेऊन गच्चीचा जिना चढू लागली. मी टीव्हीचा आवाज बंद केला. पायरीपायरीला तिला लागलेला दम ऐकू आला.

मी उठले, तेवढ्यात वरून तिनंच विचारलं, "आज लवकर संपली का गं मालिका?"