सोनचाफ्याचं टॉनिक

बाबा ऑपरेशन होऊन घरी आले, त्याच आठवड्यात गॅलरीतल्या त्यांच्या सोनचाफ्याची पानं पिवळी पडून गळू लागली. मी धास्तावले. नर्सरीतून वाढीच्या टॉनिकची बाटली आणली आणि सांगितल्यापेक्षा जरा जास्तच घालत गेले. रोज सकाळी कोंब शोधायची. कोंब येईना, उलट उरलेल्या पानांच्या कडाही करपल्या.

शेवटी बाबाच भिंतीला धरून गॅलरीत आले. त्यांनी माझ्याकडून कुंडी आडवी करून झाड मातीसकट बाहेर काढून घेतलं. तळाचं भोक बुजलं होतं आणि मुळं कुजून काळी पडली होती.

"अगं, हे पाण्यात गुदमरतंय आणि तू त्याला खाऊ घालतेस!"

टॉनिक खोटं नसेलही. भुकेल्या झाडाला ते लागू पडत असेल. पण घाबरलेला माणूस दुखणं काय ते बघत नाही, आधी बाटली उघडतो.

बाबांनी खाली बसून कुजकी मुळं छाटली आणि झाड कोरड्या मातीत लावलं.

"जगेल ना?" मी विचारलं. माझी नजर झाडावर नव्हती.

ते त्यांना कळलं असावं. "त्याला त्याच्या कलानं सावरू दे," ते म्हणाले आणि उठण्यासाठी त्यांनी माझा खांदा धरला.